पॉज कर, आधी बाटली बघू!

शुक्रवारची रात्र. आठवडाभराच्या मीटिंग्जनी डोक्याचा पार भुगा झालेला. अशा वेळी आमच्या घरी एक खेळ रंगतो. पिक्चर लावायचा आणि हिरोइन आरशासमोर बसली रे बसली की रिमोट दाबायचा. पॉज! मग तिच्या टेबलावर काय काय मांडलंय ते ओळखायचं. जी हरेल तिने उठून कॉफी करायची. गेली दोन वर्षं कॉफी मीच करतेय, कारण समोरची पार्टी आहे माझी आई.

आईने बावीस वर्षं दादरच्या एका दुकानात कॉस्मेटिक्सच्या काउंटरवर काढली. इंग्रजी संवाद तिला निम्मेच कळतात, पण खोलीच्या त्या टोकाला बसून ती नुसत्या झाकणावरून बाटली सांगते. चौकोनी काचेचं बूच? शनेल नंबर फाइव्ह. पांढरी बाटली, वर जहाज? ओल्ड स्पाइस (हे तर तुम्हीही सांगाल!). आरशात लेबल उलटं दिसतं म्हणून मी मान वाकडी करून अक्षरं जुळवत बसते, तोवर तिकडून उत्तर येऊन पॉइंटही गेलेला असतो.

आईचा ऑल टाइम फेवरेट अर्थातच १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी'. धनंजय माने कामाला आहे ते दुकान कॉस्मेटिक्सचं, मालकीण अश्विनी भावे. सगळं घर डायलॉग पाठ म्हणत असतं आणि ही बाई मागची शेल्फं बघत असते. अशोक सराफ म्हणजे तिच्या दृष्टीने आधी सेल्समन, मग हिरो.

तर तिचा पहिला फंडा. लेबल थेट कॅमेऱ्याकडे असेल तर समजायचं, पैसे दिलेत. "अगं, घरात कुणी बाटली अशी ठेवतं का? वापरातली ट्यूब चेपलेली असते, झाकण हरवलेलं असतं. लेबल गिऱ्हाइकाकडे फक्त काउंटरवर." २०१० च्या 'आयशा'मध्ये लॉरिआलचं सामान आलं तेव्हा तिने पॉज करायलाही नकार दिला. "हे ओळखायचं कशाला, तेच ओरडून सांगतायत."

उलटाही प्रकार घडतो. त्याच वर्षी 'दबंग'मधल्या मुन्नीच्या गाण्यात झंडू बामचं नाव आलं, तेही कंपनीला न विचारता. मालक इमामीने निर्मात्यांना नोटीस धाडली. मग गाणं इतकं तुफान चाललं की प्रकरण आपसात मिटलं आणि पडद्यावरची मुन्नी, म्हणजे मलायका, बामच्या जाहिरातीत झळकली. बाम काही ब्यूटी प्रॉडक्ट नाही, पण आईने पॉइंट मागितलाच.

काही वेळा तर वस्तूच खोटी असते. सई परांजपेंच्या 'चश्मे बद्दूर'मध्ये (१९८१) दीप्ती नवल दारोदार विकते ती 'चमको' पावडर आठवतेय? ती कुठल्याच दुकानात मिळत नव्हती. 'मॅड मेन' या अमेरिकन सीरियलमध्ये तर खरं-खोटं शेजारी शेजारी बसतं. बेल जोली ही लिपस्टिक काल्पनिक, पण चौथ्या सीझनमध्ये ऑफिसातल्या सेक्रेटरींना गोळा करून जिच्यावर मतं विचारतात ती पॉन्ड्स कोल्ड क्रीम एकदम खरी. आपल्या आज्यांच्या कपाटातली! आणि कधी कधी बाटली नसतेच, नुसता रंग असतो. १९९४ च्या 'पल्प फिक्शन'मध्ये उमा थर्मनच्या नखांवरचा काळपट लाल रंग शनेलचा, अमेरिकेत त्याचं नाव 'व्हॅम्प'. तो मिळवायला तिथे मुली वेटिंग लिस्टमध्ये नावं घालत होत्या.

पण मला सॉलिड आवडतात ते सीन, जिथे बाटली दिसतच नाही. नुसतं नाव येतं आणि माणूस उघडा पडतो. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज' (१९९१) घ्या. जॉडी फॉस्टर एफबीआयची ट्रेनी, नोकरी अजून पक्कीही नाही. काचेपलीकडून हॅनिबल लेक्टर हवा हुंगतो आणि तिची क्रीम सांगतो, कधीमधी लावते तो परफ्यूम सांगतो, आणि आज तो लावलेला नाही हेही सांगतो. क्रीम एव्हियनची. माझ्या सबटायटल्समध्ये ते पाण्याच्या बाटलीसारखं लिहिलं होतं, पण एव्हियन ही 'व्हाइट शोल्डर्स' काढणारी अमेरिकन परफ्यूम कंपनी. आणि परफ्यूम नीना रिचीचा 'लेर द्यु तां', १९४८ चा.

"ती कबुतरांची बाटली!" आई ओरडली. "आमच्या शोकेसमध्ये एक होती. विकायला नाही, दाखवायला." खरंच, तिच्या काचेच्या बुचावर दोन पक्षी असतात. आता बघा, हा परफ्यूम क्लॅरिस 'कधीमधी' लावते. म्हणजे जपून, पुरवून. त्याच भेटीत पुढे लेक्टर तिची चांगली पर्स आणि स्वस्तातले शूज काढतो. पहिल्या पगारात एक भारी वस्तू घेऊन बाकी सगळं सेलमधलं वापरणाऱ्या आपल्यासारख्यांना तो सीन जरा जास्तच लागतो. कुठल्याही कंपनीने पैसे देऊन असा सीन लिहून घेतला नसता.

आमच्या खेळाची सुरुवात मात्र वेगळ्याच पिक्चरने झाली.

एप्रिल २०२१ मध्ये आम्हाला दोघींना कोविड झाला. माझा वास गेला आणि तीन आठवड्यांनी हिंगाच्या फोडणीबरोबर परत आला. आईचा आलाच नाही. डॉक्टरांनी सराव सांगितला : गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. रोज दोन वेळा हुंगायचं. चार महिने तिने इमानेइतबारे केलं, मग बाटल्यांवर धूळ बसली. जिने आयुष्यभर लोकांच्या मनगटांवर वास विकले, तिला दूध करपलेलं कळेना. तिने स्वतःची अत्तरं कामवाल्या मावशींना देऊन टाकली. घरात तो विषयच बंद झाला.

आणि एका शनिवारी मी न विचार करता 'सेंट ऑफ अ वुमन' लावला. १९९२ चा, अल पचिनोला ऑस्कर मिळवून देणारा. तो आंधळा कर्नल, वासावरून बायका ओळखणारा! लावल्यावर माझी जीभच चावली गेली. आई मात्र टीव्हीकडे सरकून बसली. विमानात कर्नल एअर होस्टेसचा फ्लोरिस ओळखतो. परफ्यूम इंग्लिश, बोलणं कॅलिफोर्नियाचं, म्हणजे पोरगी इंग्लिश दिसायला धडपडतेय, असा त्याचा हिशोब. टँगोच्या आधी तो त्या मुलीचा साबण ओळखतो, ऑगिल्वी सिस्टर्सचा. त्याच्या वड्या तिला आजीने ख्रिसमसला दिलेल्या. शेवटी शाळेतल्या टीचरचा परफ्यूम, कॅरॉनचा 'फ्लर द रोकाय'. एकीची धडपड, एकीची आजी, सगळं वासातून.

"पॉज कर," आई म्हणाली. मला वाटलं, संपलं. तर म्हणते, "त्याला डोळे नाहीत, मला नाक नाही. दोघं मिळून एक काउंटर सहज चालवू."

त्या रात्रीपासून पॉज सुरू झाला.

गेल्या वाढदिवसाला मी तिच्यासाठी टीचरबाईंचा तोच परफ्यूम मागवला. खोका हातात घेऊन तिने चष्मा वर केला. "यात एस नाही." झालं! पिक्चरमधला 'फ्लर' अनेकवचनी, १९३०च्या दशकातला. एकवचनी 'फ्लर' कॅरॉनने १९९३ मध्ये काढला, पिक्चरच्या दुसऱ्याच वर्षी. फ्रेंच उच्चारात तो एस ऐकूच येत नाही, आणि ऑर्डर करताना मी तो पाहिला नव्हता. कॉफी मीच केली.

मग तिने माझ्या मनगटावर एक फवारा मारला आणि काउंटरवरच्या आवाजात म्हणाली, "लगेच नाक लावू नकोस, आधी स्पिरिट उडू दे. आता सांग." फुलं, म्हटलं. पांढरी. "आणि दहा मिनिटांनी?" जरासा साबण. "म्हणजे ऑफिसला चालेल. तूच लाव."

तेव्हापासून ऑफिसला निघताना मी तिच्यासमोर मनगट धरते. ती हुंगते, मान हलवते आणि "काही नाही, पळ, लोकल चुकेल," म्हणते. मागच्या मंगळवारी मात्र "थांब" म्हणाली. पुन्हा हुंगलं.

"लवंग आहे का गं यात?"

मला तरी लवंग येत नव्हती. ८.१२ गेली.