पांढऱ्या पट्ट्यांवर हक्क कोणाचा?

रस्ता ओलांडताना आपल्याकडचा माणूस हात पुढे करतो. तळहात येणाऱ्या गाडीकडे, नजर चालकाच्या चेहऱ्यावर, पाऊल अर्धे पुढे आणि अर्धे मागे. ही मुद्रा कोणी शिकवत नाही, तरी शाळकरी पोरापासून ऐंशीच्या आजीपर्यंत सर्वांना येते. ती विनंती आहे. झेब्रा क्रॉसिंगवर उभे असतानाही आपण विनंतीच का करतो, याचे मला बरीच वर्षे कुतूहल होते. कायदा तिथे नेमके काय म्हणतो ते पाहावे म्हणून मूळ मजकूर वाचायला घेतला, आणि पहिल्याच पायरीवर अडखळलो.

मोटार वाहन अधिनियम १९८८चा. वाहन कसे चालवावे याचे विनियम करण्याचा अधिकार त्याच्या कलम ११८ने केंद्र सरकारला दिला आणि १९८९मध्ये ते विनियम आले. त्यातल्या अकराव्याचा मथळा आहे 'पादचाऱ्यांचा मार्गाधिकार'. मथळा वाचून आशा वाटते. खालचा मजकूर मात्र एवढाच, की रस्त्याला पदपथ किंवा सायकलमार्ग असेल तर गणवेशातील पोलिसाच्या परवानगीवाचून चालकाने त्यावर गाडी घालू नये. रस्ता ओलांडण्याविषयी त्यात अवाक्षर नाही! पादचाऱ्याचा मार्गाधिकार पदपथाच्या कडेशी संपतो.

क्रॉसिंगचा उल्लेख येतो तो आठव्या विनियमात, चौक आणि वळणे यांच्या पंगतीत. तिथे पोहोचताना वेग कमी करावा आणि तिथल्या माणसांना धोका होणार नाही याची खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे तो सांगतो. थांबा, असे म्हणत नाही. वाट द्या, असेही नाही. हा फरक शाब्दिक वाटेल, पण सगळा प्रश्न त्यातच आहे. कर्तव्य फक्त धोका टाळण्याचे असेल, तर कडेला ताटकळणाऱ्या माणसाला धोका कसलाच नाही. तो उभा आहे तोवर चालकाने थांबण्याचे कारण नाही. रस्ता मिळवायचा तर त्याने आधी स्वतःला धोक्यात घातले पाहिजे. आपण अर्धे पाऊल पुढे टाकतो ते त्यासाठीच.

हे बदलायला २८ वर्षे लागली. २०१७च्या मोटार वाहन (चालन) विनियमांनी जुने विनियम रद्द केले आणि प्रथमच स्वच्छ शब्दांत लिहिले, की सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या क्रॉसिंगजवळ येताना चालकाने वेग कमी करावा, थांबावे आणि पादचाऱ्यांना, तसेच चाकांच्या खुर्चीवरून जाणाऱ्यांना वाट द्यावी. पुढे आणखी एक कामाचे वाक्य आहे. वाहतूक खोळंबली असताना पलीकडे जाता येणार नसेल, तर गाडी पट्ट्यांवर आणून क्रॉसिंग अडवू नये. परवाना असलेल्या पाच-सहा परिचितांना मी याविषयी विचारले. सिग्नल नसेल तर थांबायचे कशाला, असा उलट प्रश्न बहुतेकांनी केला. त्यांना दोष द्यावासा वाटला नाही, कारण आपल्याकडे रस्त्यावर रंग आधी आला आणि त्याचा स्पष्ट अर्थ फार उशिरा.

ब्रिटनमध्ये क्रम वेगळा होता. तिथे १९३४पासून काळ्या-पांढऱ्या खांबावर नारिंगी गोळा लावून ओलांडण्याची जागा दाखवत. तेव्हाचे वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांचे नाव त्या दिव्यांना चिकटले. जमिनीवर धातूच्या खुंट्या होत्या, पण चालकाला त्या दुरून दिसत नसत. म्हणून पट्टे आले, आणि १९५१मध्ये त्यांना कायद्याचा आधार मिळाला. पट्ट्यांवर पाऊल ठेवलेल्या माणसाला अग्रक्रम, हा तिथला नियम. कडेला वाट पाहणाऱ्याचे काय? त्याच्यासाठीही थांबावे, ही सूचना तिथल्या हायवे कोडमध्ये जानेवारी २०२२मध्ये आली. आपल्या २०१७च्या वाक्यात पादचारी पट्ट्यांवर आहे की कडेला, असा भेदच नाही. कागदावर आपण दोन पावले पुढे आहोत म्हणायचे!

अमेरिकेची गोष्ट उलट्या दिशेची. तिथे १९२०च्या दशकात मोटारवाल्यांच्या संघटनांनी 'जेवॉकर' हा शब्द रुजवला. 'जे' म्हणजे गावंढळ; शहरात चालायची अक्कल नसलेला. शिवीचा कायदा झाला. त्याच कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२३पासून, तात्काळ धडकेचा धोका नसेल तर अशा माणसाला दंड करायचा नाही, असे ठरवले.

आपल्याकडे हा शब्द नाही, पण त्यामागचा विचार मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांत रोज भेटतो. पादचारी दगावला, की नुकसानभरपाई कमी करण्यासाठी विमा कंपनीचे वकील त्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणाचा मुद्दा काढतात: तो क्रॉसिंगवर होता का? जवळपास क्रॉसिंग होते का, हा प्रश्नही तितक्याच आग्रहाने विचारायला हवा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती.

मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त पदपथ हा अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ऑक्टोबरमध्ये राज्यांना कलम १३८(१अ) आणि २१०ड यांखाली सहा महिन्यांत नियम करायला सांगितले. २१०ड रस्त्यांच्या रचनेचे आणि देखभालीचे. १३८(१अ) हे २०१९च्या दुरुस्तीने आलेले कलम मात्र मुळातून वाचावे. सार्वजनिक जागा आणि राष्ट्रीय महामार्ग येथे पादचाऱ्यांच्या हालचाली आणि प्रवेश यांचे 'नियमन' करण्याचा अधिकार ते राज्याला देते. क्रियापद नियमनाचे आहे, संरक्षणाचे नाही. राज्यांचे नियम हाती येतील तेव्हा त्यांत 'वाट द्यावी' हे शब्द कुठे आहेत आणि ते कोणाला उद्देशून आहेत, हे मी आधी शोधणार आहे.