स्तनाचा कर्करोग आणि संप्रेरकें

ग्लासगो येथील शल्यवैद्य जॉर्ज बीटसन यांनीं १८९६ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत एक विलक्षण हकीकत प्रसिद्ध केली. स्तनाचा कर्करोग पुन्हां उलटलेल्या एका ३३ वर्षांच्या स्त्रीचे त्यांनीं बीजांडकोश काढून टाकले, आणि कांहीं महिन्यांत तिच्या छातीवरील गांठी मावळल्या. व्यालेल्या गाईचे बीजांडकोश काढले तर ती अधिक काळ दूध देते, ही शेतकऱ्यांची माहिती त्यांच्या विचाराच्या मुळाशीं होती. पुढें इतरांनीं हा उपाय करून पाहिला, तेव्हां तो सुमारें एक-तृतीयांश रुग्णांनाच लागू पडतो असें दिसलें.

तिघींपैकीं एकीलाच कां? उत्तर मिळण्यास साठ वर्षें लागलीं. बीजांडकोशांतून रक्तांत मिसळणारें ईस्ट्रोजेन हें संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन, सर्व पेशींवर सारखें काम करीत नाहीं. शिकागोचे एल्वूड जेन्सन यांनीं दाखविलें कीं, त्याला धरून ठेवणारें विशिष्ट प्रथिन ज्या पेशींत असतें तेथेंच त्याची मात्रा चालते. या प्रथिनाला ‘ग्राहक’ म्हणतात. कर्कपेशींत ग्राहक असले तर ईस्ट्रोजेन त्यांना जणूं खतपाणी घालतें. नसले तर तें तोडून कांहींच साधत नाहीं. स्तनाच्या कर्करोगांपैकीं निम्म्याहून अधिक पहिल्या जातीचे असतात. ऋतु बंद झाल्यावरही शरीरांतील मेदांत थोडें ईस्ट्रोजेन तयार होतच असतें. वयस्क स्त्रियांत तर हीच जात अधिक आढळते. ती बहुधा सावकाश वाढते, पण चिवट असते. दहा-पंधरा वर्षांनींही ती हाडांत डोकें वर काढते. म्हणूनच गोळ्या पांच ते दहा वर्षें घ्याव्या लागतात.

गांठ बहुधा दुखत नाहीं, आणि तिची जात बोटांना किंवा मॅमोग्राफीच्या चित्रावरून कळत नाहीं. त्यासाठीं जाड सुईनें तिचा तुकडा काढावा लागतो. त्याचे पातळ काप विशिष्ट रीतीनें रंगविले म्हणजे ग्राहक असलेलीं पेशीकेंद्रें तपकिरी दिसतात. शंभरांत एक केंद्र रंगलें तरी निकाल होकारार्थी धरतात. मात्र दहापर्यंतच रंगलीं असलीं तर औषधाच्या गुणाची खात्री कमी.

खरी मेख येथें आहे. काढलेला तुकडा तासाभराच्या आंत फॉर्मॅलिनमध्यें पडला पाहिजे, आणि त्यांत निदान सहा तास, फार तर बहात्तर तास राहिला पाहिजे. घाईनें गांठ काढून ती नुसत्या मिठाच्या पाण्यांत रात्रभर ठेवली, तर ग्राहक नासतात व निकाल खोटाच नकारार्थी येऊं शकतो. मग टॅमॉक्सिफेनसारखें स्वस्त आणि गुणकारी औषध त्या स्त्रीला कोणी देतच नाहीं! शस्त्रक्रियेपूर्वींच घरच्यांनीं याची विचारपूस केली तर डॉक्टरांनीं राग मानूं नये.

अहवालांत ‘ई. आर.’ व ‘पी. आर.’ या अक्षरांपुढें काय लिहिलें आहे तें पाहावें. तुकडा ज्या मेणाच्या ठोकळ्यांत बसवितात त्यावर पुढें वर्षांनींही फेरतपासणी करतां येते. तो कोठें ठेवला आहे हें विचारून ठेवावें. रोग उलटला तर मात्र शक्यतों नवा तुकडा तपासावा, कारण मधल्या काळांत त्याची जात कधीं कधीं बदललेली असते.