हातभर अंतरावर अडलेली गोळी

२२ जुलै १९३१. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे वाडिया ग्रंथालय पाहायला मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन आले होते. वासुदेव बळवंत गोगटे नावाचा विद्यार्थी पुढे झाला आणि त्याने रिव्हॉल्व्हर काढून जेमतेम हातभर अंतरावरून त्यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. नेम चुकण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही हॉटसन वाचले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने नोंदवले की एकतर काडतुसात काहीतरी दोष असावा, नाहीतर कातडी पाकीट आणि त्यातल्या नोटा गोळीच्या आड आल्या असाव्यात.

पाकिटाने गोळी अडते? गेली कित्येक वर्षे हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. त्याचा माग काढताना रिव्हॉल्व्हर या यंत्राविषयी जे कळत गेले, ते थक्क करणारे आहे.

पण आधी सोलापूर, कारण ती गोळी सोलापूरसाठी होती. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि गिरण्यांचे हे शहर पेटून उठले. ८ मे रोजी गोळीबार झाला, चौक्या आणि कोर्ट जळाले, आणि त्यानंतर तीन-चार दिवस इंग्रजांची सत्ता शहरात नावालाही उरली नाही. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला, तो जूनअखेरपर्यंत चालला. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले. त्या काळात मुंबई सरकारचे गृहखाते हॉटसन यांच्याकडे होते. सोलापूरच्या जुलमाचा जाब म्हणून गोगट्यांनी चाप ओढला.

आता तो चाप ओढला की आत काय होते ते पाहू.

साध्या पिस्तुलाला एक नळी आणि एक बार, संपला की पुन्हा भरा. अमेरिकेच्या सॅम्युअल कोल्टने १८३६ मध्ये फिरत्या चकरीचे पेटंट घेतले आणि पाच-सहा बार एकाच हत्यारात बसू लागले. आपल्याकडे त्याला सहाबारी म्हणायचे. चकरीतल्या प्रत्येक घरात एक काडतूस. घोडा मागे जाताना आतला एक छोटा आकडा चकरीच्या मागच्या दात्याला ढकलतो, चकरी एक घर पुढे सरकते, खालून खटका वर येतो आणि तिला जागेवर जखडतो. मग घोडा सुटतो. सोलापूरकराला हे चटकन कळेल: मागावर धोटा पेटीत पोहोचल्याशिवाय फणीने ठोका द्यायचा नसतो, नाहीतर सुतांचा सत्यानाश. इथेही घर नळीच्या रेषेत येऊन पक्के बसल्याशिवाय घोडा पडता कामा नये. घर केसभर जरी तिरके राहिले तरी गोळी नळीच्या काठाला घासून शिशाचे कपचे उडतात. घोडा अंगठ्याने आधी मागे ओढून ठेवता यावा, किंवा नुसता चाप ओढूनही घोडा उठावा, चकरी फिरावी आणि बार निघावा, ही दुहेरी सोय लेफ्टनंट फ्रेडरिक ब्यूमाँट या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८५६ च्या पेटंटची. हे नाव पुन्हा भेटणार आहे.

या यंत्राला एक जन्मजात खोट आहे. चकरी फिरायची म्हणजे ती आणि नळी यांच्यामध्ये फट हवीच. चांगल्या रिव्हॉल्व्हरमध्ये ती वहीच्या एक-दोन पानांच्या जाडीएवढी असते. दारू पेटली की गोळीला ढकलणारा वायू त्या फटीतूनही बाजूला फुसांडतो. म्हणून जाणकार माणूस रिव्हॉल्व्हर धरताना बोटे चकरीच्या तोंडापाशी कधी नेत नाही. आणि जेवढा वायू बाजूने गेला, तेवढी गोळीची ताकद गेली.

त्यात नळी आखूड केली तर? वायूचा रेटा गोळीच्या मागे असतो तो ती नळीत आहे तोवरच. अडीच इंची नळीत गोळी सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाही वेळ थांबत नाही. उरलेली दारू नळीच्या तोंडाशी मोठा जाळ आणि मोठा आवाज काढून वाया जाते. बघणाऱ्याला वाटते केवढी ही शक्ती! खरे तर ती गोळीला न मिळालेली शक्ती असते.

मग खिशात मावणाऱ्या हत्याराला जोर आणायचा कसा? वेग वाढत नसेल तर वजन वाढवायचे. इंग्लंडच्या वेब्ली कंपनीने १८७२ मध्ये ब्रिटिश बुलडॉग नावाचे रिव्हॉल्व्हर काढले: अडीच इंची नळी, पाच घरे आणि .४४२ किंवा .४५० बोअरची जाड, बोथट गोळी. १८८७ मध्ये ब्रिटिश लष्कराने घेतलेले वेब्ली याच विचाराचे, फक्त थोरले. त्याची .४५५ ची गोळी सुमारे १७ ग्रॅमची, वेग सेकंदाला साधारण १८५ मीटर. हिशेब केला तर तिच्यात तीनशे ज्यूलच्या आसपास ऊर्जा भरते. त्याच फौजेच्या .३०३ रायफलची गोळी अकरा-साडेअकरा ग्रॅमचीच, पण वेग सेकंदाला ७४० मीटरच्या वर आणि ऊर्जा तीन हजार ज्यूलहून अधिक. दहापट! वजन दुप्पट झाले तर ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट झाला तर चौपट. दंडाएवढ्या जाळाची ती धाकटी तोफ रायफलीपुढे एवढी दुबळी असते, हे आकडे मांडेपर्यंत मलाही पटत नव्हते.

किंमत मात्र हाताला मोजावी लागते. गोळी पुढे जाते त्याच झटक्याने रिव्हॉल्व्हर मागे येते. एक किलोचे वेब्ली सेकंदाला तीन मीटरहून अधिक वेगाने मुठीत आदळते. वजन निम्मे केले की तो वेग दुप्पट. शिवाय नळी मुठीच्या वर असल्याने धक्का सरळ मागे न येता मनगट वर उचलतो. दुसरा बार नेमावर आणायला सराव लागतो, आणि तो खिशातल्या हत्याराचा कुणी फारसा करत नाही.

आज सोलापुरात असे हत्यार बाळगावे म्हटले तर? शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम लागू. हत्यार सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षणही घ्यावे लागते. .३८ आणि .४५५ ही बोअर सामान्य नागरिकाला बंद आहेत, म्हणून परवान्याचे रिव्हॉल्व्हर म्हटले की बहुधा .३२. कानपूरला २०१४ मध्ये निघालेले ‘निर्भीक’ अर्ध्या किलोचे, २०२३ चे ‘प्रबल’ ७६ मिलिमीटर नळीचे, दोन्ही .३२. निवडणूक लागली की परवानाधारकांना हत्यारे जमा करण्याचे आदेश निघतात. मला हा कडकपणा रास्त वाटतो. आखूड नळीचे हत्यार लपवायला जितके सोपे, तितकेच नेमावर धरायला अवघड, आणि नेम चुकलेली गोळीही कुठेतरी जातेच.

गोळीचे मोजमाप आणि माणसाचे नशीब यांची सांगड किती सैल असते, याचे दुसरे टोक अमेरिकेत आहे. २ जुलै १८८१ रोजी राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर ब्रिटिश बुलडॉगमधूनच गोळ्या झाडल्या गेल्या. पाठीत शिरलेल्या गोळीने कुठलाही नाजूक अवयव फोडला नव्हता. ती शोधण्यासाठी डॉक्टरांनी न धुतलेली बोटे पुन्हा पुन्हा जखमेत घातली, अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल स्वतः धातू हुडकणारे यंत्र घेऊन आले, तरी ती सापडली नाही. जंतुसंसर्गाने पोखरलेले गारफील्ड १९ सप्टेंबरला गेले.

गोगट्यांचे अपील १९३२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आले, ते मुख्य न्यायमूर्ती सर जॉन ब्यूमाँट यांच्यापुढे. रिव्हॉल्व्हरच्या इतिहासातल्या ब्यूमाँटशी त्यांचे नाते जोडण्याचे कारण नाही, योगायोग तेवढा सुंदर. मुद्दा होता दंडविधानाच्या कलम ३०७ चा. गोळीने मरण आलेच नाही, तर खुनाचा प्रयत्न म्हणायचा का? याच न्यायालयाचा १८६७ चा कॅसिडी खटला आडवा येत होता. त्यातल्या आरोपीने रोखलेली बंदूक भरलेली होती, पण घोड्याच्या ठोक्याने ठिणगी देणारी टोपी चढवलेली नव्हती. टोपीवाचून बार उडणेच शक्य नाही, म्हणून ते कलम लागू नाही, असा तेव्हाचा निकाल. ब्यूमाँट यांनी म्हटले की फसलेला प्रत्येक प्रयत्न कुठेतरी कमी पडलेलाच असतो. उद्देश खुनाचा असेल आणि मध्ये काही आडवे न येता त्या कृतीने एरवी मरण आले असते, तर गुन्हा पुरा झाला. शिक्षा कायम राहिली. गोगटे १९३७ मध्ये सुटले, ‘हॉटसन गोगटे’ म्हणून ओळखले जाऊ लागले आणि पुढे पुण्याचे महापौर झाले. कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही अभ्यासतात.

दोष काडतुसाचा की करामत पाकिटाची, हे ठरवण्याची न्यायालयाला गरज पडली नाही. मला विचाराल तर आधी काडतूस. .३२ सारख्या लहान बोअरची धडधाकट गोळीसुद्धा दीडशे ज्यूलच्या घरात असते. चामड्याचे दोन पदर आणि नोटांची चळत एवढ्यावर ती सहसा अडत नाही. पण दारू जुनी झाली असेल, दमट हवेने टोपीत ओल शिरली असेल, तर वेग अर्ध्यावर येतो आणि जोर चौथाईवर. अशी मंदावलेली गोळी मात्र पाकीट अडवू शकते, त्यातून त्या काळची शंभराची नोट आजच्यापेक्षा बरीच मोठी, घड्या घालूनच ठेवायची.