तात्या विंचू : भयाकडून कौतुकाकडे

आपल्या माळव्यात मंदसौरच्या खानपुरा भागात रावणाची एक प्रचंड मूर्ती आहे. मंदोदरी ही मंदसौरची लेक, अशी तेथील समजूत. त्या नात्याने रावण गावाचा जावई ठरतो, आणि त्याच्यापुढून जाताना स्त्रिया पदर पुढे ओढून घेतात. ज्याचे नाव घेताच सगळ्या देशाने तिरस्कार करावा, त्याचा एक गाव असा मान ठेवतो. खलपुरुषाशी एकदा घरचे नाते जडले की त्याचा मनापासून द्वेष करणे माणसाला जमत नाही, हे आपल्या लोकांना फार पूर्वीच उमगलेले दिसते.

हे सारे आठवण्याचे निमित्त तसे किरकोळ आहे. गेली काही वर्षे आमच्या हाटपिपल्यातल्या आणि देवास, बागली, इंदूरकडच्या मराठी घरांतली लहान मुले ज्या एका मराठी व्यक्तिरेखेची नक्कल हमखास करून दाखवतात, ती शिवाजी महाराजांची नव्हे की चिमणरावांचीही नव्हे. ती आहे तात्या विंचूची. महेश कोठारे यांच्या 1993 सालच्या ‘झपाटलेला’ या चित्रपटातला हा खलनायक, आणि 2013 साली थ्रीडी तंत्राने निघालेल्या ‘झपाटलेला 2’ या उत्तरार्धातलाही तोच. या दोन चित्रपटांमधल्या वीस वर्षांत प्रेक्षकांची त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी कशी पालटली, हा मला मोठा मनोरंजक विषय वाटतो.

कथा बहुतेकांना ठाऊक असेलच. तात्या विंचू हा नामचीन गुंड बाबा चमत्कार नावाच्या मांत्रिकाकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो आणि पोलिसांच्या गोळीने मरता मरता आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. तो बाहुला येऊन पडतो लक्ष्याच्या हाती. हा लक्ष्या म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे : बोलक्या बाहुल्यांच्या खेळाचा नादी, भाबडा, आईच्या धाकातला. कल्पनेचे मूळ 1988 सालच्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन चित्रपटात आहे, हे उघड गुपित आहे. पण उसने आणलेले बियाणे आपल्या मातीत कसे रुजले, हेच पाहण्यासारखे आहे.

आधी नावच पाहा. कोठारे यांच्या चित्रपटांतली खलनायकांची नावे हा एक स्वतंत्र विनोद आहे. ‘थरथराट’मध्ये टकलू हैवान, ‘धडाकेबाज’मध्ये कवट्या महांकाळ. दुसऱ्या नावात सांगली जिल्ह्यातल्या कवठे महांकाळ या गावाची गंमत दडलेली आहे, ती महाराष्ट्राबाहेरच्या मुलांना सांगितल्यावाचून कळत नाही. परंतु ‘तात्या’ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आपल्या घराघरांत एखादे तात्या ओसरीवर बसून पोथी वाचत आलेले आहेत. अशा वडीलधाऱ्या नावाला ‘विंचू’ची नांगी जोडली, तेव्हाच निम्मे काम झाले. प्रेक्षक घाबरला, पण परक्याला नव्हे. घरातल्याच कुणाला तरी घाबरला.

उरलेले काम दोन कलावंतांनी केले. बाहुला घडवला आणि हलवला रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील यशवंत केशव पाध्ये यांनी जन्माला घातलेल्या अर्धवटरावांना मराठी समाज पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो. म्हणजे बोलक्या बाहुल्याला हसून दाद देण्याची सवय मराठी प्रेक्षकाला आधीपासून होती. त्याच सवयीचा येथे उलटा उपयोग झाला. बाहुल्याला आवाज दिला दिलीप प्रभावळकरांनी, आणि बाहुला होण्यापूर्वीचा तात्याही त्यांनीच रंगवला. घोगरा, घसटत येणारा, मधूनच लाडिक होणारा तो आवाज ऐकताना हाच नट पुढे ‘लगे रहो मुन्नाभाई’त (2006) महात्मा गांधी होऊन राष्ट्रीय पुरस्कार मिळवील, असे कुणाच्या स्वप्नातही आले नसेल. एकाच गळ्यातून गांधीजी आणि तात्या विंचू! मराठी नटाच्या आवाक्याचे याहून बोलके उदाहरण मला सुचत नाही.

आता प्रेक्षकांकडे वळू. खलनायकाकडे पाहण्याची आपली जुनी रीत निराळी होती. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ 1907 साली रंगभूमीवर आले, तेव्हा प्रेक्षकांनी कीचकाच्या ठायी लॉर्ड कर्झनला पाहिले आणि त्याच्या वधाला असा प्रतिसाद दिला की 1910 साली सरकारने नाटकावर बंदीच घातली. पुढे निळू फुले यांच्या वाट्याला आलेली दादही त्याच जातीची. खेडोपाडी बायका त्यांना खरोखरच दुष्ट समजत, शिव्याशाप देत. आणि तो सज्जन माणूस त्या शिव्यांनाच आपल्या अभिनयाची पावती मानी. त्या काळचा प्रेक्षक खलनायकाला शासन झालेले पाहून समाधानाने घरी जाई.

‘झपाटलेला’च्या प्रेक्षकाने पहिल्या खेपेस बरेचसे हेच केले. रात्री अंथरुणात खेळण्यातला बाहुला जवळ घेऊन झोपणारी मुले तो चित्रपट पाहिल्यावर बाहुला कपाटात कोंडून ठेवू लागली, ही हकीकत मला चार-पाच घरांतून तरी ऐकायला मिळाली आहे. ती भीती खरी होती. पण ती निर्माण कुणी केली? माझ्या मते तात्याने नव्हे, लक्ष्याने. त्याचे सांगणे कुणीही खरे मानीत नाही. बाहुला जिवंत आहे हे एकट्या त्यालाच ठाऊक, आणि त्याची तर सारे थट्टा करतात. खरे सांगूनही ज्याच्यावर विश्वास ठेवला जात नाही, अशा अवस्थेतून कोणते मूल गेलेले नसते? मुलांचा जीव लक्ष्यात गुंतला होता, म्हणून तात्या त्यांना भयंकर वाटला.

लक्ष्मीकांत बेर्डे 16 डिसेंबर 2004 रोजी निवर्तले. उत्तरार्धात त्या लक्ष्याचा मुलगा नायक झाला. ती भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली. त्यांनी काम मन लावून केले आहे, सोंगही नेटके आहे. त्यांना उणे लेखण्याचा हेतू नाही. परंतु प्रेक्षकांच्या तोंडी नाव राहिले ते तात्याचेच. प्रथमच पाहतो आहोत अशा नायकापेक्षा वीस वर्षांच्या ओळखीचा खलनायक त्यांना जवळचा वाटला. थ्रीडीमुळे बाहुला पडद्यातून अंगावर येतो. पण त्याला भिण्याऐवजी लोक एखाद्या खट्याळ नातेवाइकाचे स्वागत करावे तसे हसतात. पहिल्या चित्रपटात जो विंचू होता, तो दुसऱ्यात फक्त तात्या उरला. तंत्र वाढले आणि भय ओसरले, याचे कारण तंत्रात शोधू नये. ज्याच्यासाठी भ्यावे असा माणूसच पडद्यावर नव्हता.

आता एक आक्षेप. आमच्याकडच्या एका मराठी पालकसभेत एका गृहस्थांनी तक्रार केली, की मुले तात्याचा मंत्र पुटपुटत हिंडतात, त्यातून अंधश्रद्धा वाढेल. त्यांची कळकळ रास्त होती. पण मुलांनी तो मंत्र कशासाठी वापरला, ते मी शाळेच्या मैदानावर पाहिले आहे. लंगडी खेळताना गडी बाद करण्यासाठी! मांत्रिकाची भीती घालवायला यापेक्षा उत्तम उपाय मला तरी ठाऊक नाही. माझी काळजी वेगळीच आहे, आणि समाधानही.

आपल्या घरांतली मुले आजीशीसुद्धा हिंदीत बोलतात. शाळा हिंदी, बाजार हिंदी, मित्र हिंदी. ‘झपाटलेला’ही हिंदीत भाषांतरित होऊन ‘खिलौना बना खलनायक’ या नावाने आला. शेजारच्या मुलांनी तोच पाहिला. परंतु आपल्या मुलांनी दोन्ही पाहून कौल दिला आहे तो मराठीच्या बाजूने. हिंदीतला बाहुला त्यांना नकली वाटतो. तात्याने दरडावावे ते मराठीतच, असा त्यांचा हट्ट असतो. ज्या मुलाला मराठी बालगीताच्या चार ओळी धड म्हणता येत नाहीत, तो तात्याची धमकी ‘ळ’चा ‘ल’ होऊ न देता म्हणून दाखवतो. मराठीचा एम.ए. झालेल्या माझ्यासारख्या मास्तराने याचा अभिमान बाळगावा की खंत करावी, याचा निवाडा मी अजून केलेला नाही. पाठ्यपुस्तकांनी जे जमवले नाही ते एका लाकडी चेहऱ्याच्या गुंडाने जमवले, एवढे मात्र खरे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या गल्लीतल्या मुलांनी एकामागोमाग एक दोन्ही चित्रपट पाहिले. दुसरा अर्ध्यावर आला तेव्हा सात-आठ वर्षांच्या एका मुलीने वळून विचारले, ‘‘आजोबा, लक्ष्या कधी येणार?’’ तिच्या आजोबांनी खरे ते सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली, की पुन्हा पहिलाच लावा.