'स्वयम': मोफत अभ्यासक्रमांचे भारतीय संकेतस्थळ

'स्वयम' हे भारत सरकारचे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुरू झाले. नववीपासून पदव्युत्तर स्तरापर्यंतचे अभ्यासक्रम येथे एकाच ठिकाणी मिळतात.

या उपक्रमाची पायाभरणी आधीच झाली होती. २००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी 'एनपीटेल' प्रकल्प हाती घेतला आणि अभियांत्रिकी व विज्ञानाची व्याख्याने सर्वांसाठी खुली केली. आज 'एनपीटेल'चे अभ्यासक्रम 'स्वयम'वरही उपलब्ध आहेत. शालेय विषयांची जबाबदारी एनसीईआरटी आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे आहे.

प्रत्येक अभ्यासक्रमाचे चार भाग असतात: व्हिडिओ व्याख्याने, डाउनलोड करता येणारे वाचनसाहित्य, स्वतःची तयारी तपासण्यासाठी चाचण्या आणि शंका विचारण्यासाठी चर्चामंच. नोंदणी व शिकणे पूर्णपणे मोफत आहे. प्रमाणपत्र हवे असल्यास मात्र शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार, एखाद्या शिक्षणक्रमाच्या एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम'वरून करून त्यांचे श्रेयांक मिळवता येतात. त्यासाठी संबंधित विद्यापीठाची मान्यता लागते.

इंटरनेट नसलेल्या घरांसाठी 'स्वयम प्रभा' या डीटीएच वाहिन्या आहेत. मराठीतून संगणक शिकू इच्छिणाऱ्यांना आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चा आधार मिळतो.

शिकण्याची इच्छा असणाऱ्या प्रत्येकाने यांतला एक तरी अभ्यासक्रम निवडावा आणि नेटाने पूर्ण करावा.