बातमी कोणाची?

छत्रपती संभाजीनगर शहराला लागून असलेल्या छावणीत दर गुरुवारी आठवड्याचा बाजार भरतो. आजूबाजूच्या खेड्यांतील शेतकरी आपली गुरे तेथे विक्रीस आणतात. समजा, एखाद्या वर्षी पावसाने ओढ दिली, चारा महागला आणि एका गुरुवारी बैलांचे भाव एकाएकी उतरले. एका वृत्तपत्राचा बातमीदार सकाळीच बाजारात जातो, शेतकऱ्यांना व व्यापाऱ्यांना भेटतो, त्यांचे म्हणणे टिपून घेतो आणि सायंकाळी बातमी लिहून देतो. ती छापून आल्यावर दुसरे एक वृत्तपत्र तीच बातमी शब्दशः उचलून आपल्या अंकात छापते. हे योग्य होय काय? आणि योग्य नसेल, तर बैलांचे भाव उतरले, ही गोष्ट पहिल्या वृत्तपत्रावाचून दुसऱ्या कोणी सांगूच नये काय?

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेच आहे. ते समजण्यासाठी घटना आणि तिचे लेखन यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. भाव उतरले, ही घटना होय. तिच्यावर कोणाचीही मालकी नसते. परंतु बातमीदाराने योजलेले शब्द, त्याने केलेली मांडणी आणि घेतलेले छायाचित्र ही बुद्धीची व श्रमांची निर्मिती होय. अशा निर्मितीवर कायद्याने जो हक्क मिळतो, त्यास स्वामित्वहक्क म्हणतात. बातमीदार वृत्तपत्राच्या नोकरीत असेल आणि वेगळा करार झालेला नसेल, तर त्याचे लेखन वृत्तपत्रात प्रसिद्ध करण्याचा हक्क मालकाचा असतो.

अनेक राष्ट्रांनी या हक्काच्या रक्षणासाठी १८८६ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे एक करार केला. रोजच्या घडामोडींची निव्वळ माहिती कोणाची खासगी मालमत्ता होत नाही, हे तत्त्व आज त्या करारात स्पष्टपणे नमूद आहे. आपल्या देशाने १९५७ साली स्वामित्वहक्काचा कायदा केला व तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला.

घटना आणि लेखन यांतील हा भेद मुंबईच्या उच्च न्यायालयातही कसास लागला. १९८१ साली 'इंडियन एक्सप्रेस' या दैनिकाचे बातमीदार अश्विनी सरीन यांनी, आपल्या देशात स्त्रियांची विक्री होते हे उघडकीस आणण्यासाठी, स्वतः पैसे मोजून कमला नावाच्या एका स्त्रीस विकत घेतले आणि तो वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या घटनेवरून विजय तेंडुलकर यांना 'कमला' हे मराठी नाटक सुचले. पुढे त्या नाटकावर जगमोहन मुंदडा यांनी चित्रपट काढला, तेव्हा आमच्या लेखांवरील हक्काचा भंग झाला, अशी तक्रार घेऊन वृत्तपत्र न्यायालयात गेले. न्यायालयाने चित्रपटास मनाई केली नाही. प्रत्यक्ष घडलेल्या घटनेवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो, असे न्यायालयाने म्हटले. शिवाय, बातमी मिळविणाऱ्या पत्रकाराच्या स्वतःच्या घरात पत्नीची स्थिती काय आहे, हा नाटकाचा विषय निराळा होता. सरीन यांचे लेख जर कोणी तसेच्या तसे छापले असते, तर मात्र गोष्ट वेगळी झाली असती.

मग दुसऱ्याच्या लेखनातील एकही वाक्य घेता येत नाही काय? तसे नाही. स्वतःचा अभ्यास, टीका किंवा परीक्षण, आणि चालू घडामोडींचे वृत्त देणे, यांसाठी रास्त वापर करण्याची मुभा कायद्यानेच ठेवली आहे. रास्त म्हणजे किती शब्द, हे कायद्याने ठरवून दिलेले नाही. किती भाग घेतला, कशासाठी घेतला आणि त्यामुळे मूळ लेखन वाचण्याची गरजच उरत नाही की काय, हे पाहावे लागते. छावणीच्या बातमीतील दोन वाक्ये नावासह देऊन चाराटंचाईबद्दल स्वतः चौकशी करणारा लेख रास्त ठरेल. सबंध बातमी उचलून खाली केवळ मूळ वृत्तपत्राचे नाव लिहिल्याने मात्र ती रास्त होत नाही.

विद्यार्थ्यांनाही याचा उपयोग आहे. विकत घेतलेल्या अंकाचे कात्रण शाळेच्या भित्तिपत्रकावर चिकटविले, तर त्यात नक्कल होत नाही. तोच लेख शाळेच्या छापील वार्षिक अंकात पूर्ण द्यावयाचा असेल, तर परवानगी मागावी. याहून उत्तम म्हणजे बातमी वाचून, स्वतः दोन माणसांना विचारून, ती आपल्या शब्दांत लिहावी.

माहितीलाच कुलूप लागले, तर बाजारभाव न कळून दूरच्या खेड्यातील शेतकरी फसेल. उलट, लेखन कोणीही फुकट उचलू लागला, तर उन्हातान्हात बाजारात हिंडण्यासाठी बातमीदारास पाठविणे कोणत्याच वृत्तपत्रास परवडणार नाही. मग भाव उतरले की चढले, हे आपणांस सांगणार कोण? म्हणून कायद्याने घटना सर्वांसाठी मोकळी ठेवली आणि लेखनाचा हक्क श्रम करणाऱ्यांकडे राखला.