धरणावर भिजायला जाताय? पैसे कोण घेऊ शकतं आणि ते कुठे जायला हवेत?

पावसाळ्यातल्या रविवारी कर्जत आणि खोपोली लोकलमधून नेरळ, भिवपुरी रोड, पळसदरी अशा स्टेशनांवर तरुणांचे घोळके उतरतात. कुणी पाली-भूतिवली धरणाकडे वळतं, कुणी सोलनपाड्याला जातं, तर कुणी खोपोलीचा झेनिथ धबधबा गाठतं. मुंबईहून दोन-अडीच तासांत, लोकलच्या तिकिटात होणारी ही सहल. संध्याकाळी गर्दी परतते. मागे उरतात प्लास्टिकच्या प्लेट, वेफर्सची पाकिटं आणि फुटलेल्या बाटल्यांच्या काचा.

सोमवारी हा कचरा उचलायचा कुणी? आणि त्याचा खर्च पर्यटकांकडून घ्यायचा का? धरणं-तलावांवर प्रवेश शुल्क असावं की नसावं, हा वाद इथूनच सुरू होतो.

बंदी घालून प्रश्न सुटतो का?

कर्जत-खालापूरमध्ये आजवर सर्वाधिक वापरलेला उपाय म्हणजे मनाई आदेश. बुडून मृत्यू व्हायला लागले की प्रशासन धरणं आणि धबधब्यांच्या परिसरात जायला बंदी घालतं. पूर्वी हा आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचा. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली आहे.

भीती खोटी नाही. ३० जून २०२४ ला घाटापलीकडे लोणावळ्यात, भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांचे व्हिडिओ देशभर फिरले.

पण असा आदेश साधारणपणे दोन महिन्यांपुरता असतो. तो पाळला जातोय का हे पाहायला प्रत्येक ओढ्यावर पोलीस उभा करता येत नाही. शिवाय भजी, मक्याची कणसं आणि चहा विकून पावसाळ्यात चार पैसे कमावणाऱ्या गावकऱ्यांचा हंगाम बुडतो. पर्यटक मात्र आडवाटेने पोहोचतातच. मग दुर्घटना घडली की धावून जातात ते स्थानिक लोक आणि खोपोलीच्या 'अपघातग्रस्तांच्या मदतीला' या संस्थेसारखे स्वयंसेवक.

मग शुल्क लावणं सोपं आहे का?

नाही. कारण पहिला प्रश्न येतो, पाणी कुणाचं?

या दोन तालुक्यांतच उत्तरं वेगवेगळी आहेत. पळसदरीचं जुनं धरण रेल्वेचं. पाली-भूतिवली जलसंपदा विभागाचं. खालापूरमधलं मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं, आणि त्यातून नवी मुंबईला पिण्याचं पाणी जातं. धबधब्यांच्या वरचं जंगल बहुतेक ठिकाणी वनविभागाकडे. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा जिल्हा परिषदेचा.

कचरा मात्र पडतो ग्रामपंचायतीच्या हद्दीत. ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टीचं. एका दिवसासाठी येणारा पर्यटक यातलं काहीच भरत नाही. म्हणजे धरणाचा मालक एक आणि गर्दीचा भार सोसणारा दुसरा. अडचण नेमकी इथे आहे.

ग्रामपंचायत पैसे घेऊ शकते का?

मनाला येईल तसे नाही. राज्यघटनेच्या कलम २६५ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर घेता येत नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना हा आधार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १२४ देतं. त्याच्या यादीत यात्रेकरू कर, जत्रा आणि करमणुकीवरचा कर, बाजाराची फी, गाडीतळाची फी अशा बाबी आहेत. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर देवदर्शनाला येणारा यात्रेकरू होता, रविवारी धरणावर येणारा पर्यटक नव्हता.

यादीतली बाब लागू करायची असली तरी १९६० च्या कर व फी नियमांनुसार ठराव, जाहीर नोटीस आणि लोकांच्या हरकती अशी प्रक्रिया पूर्ण करावी लागते. रस्त्यावर दोरी बांधून, पावती न देता पैसे मागणं यात बसत नाही.

जंगलाच्या जागेत वेगळी वाट आहे. तिथे वनविभाग आणि गावाची संयुक्त वन व्यवस्थापन समिती शुल्क गोळा करते. सिंहगडावर गाड्यांकडून घेतलं जाणारं 'उपद्रव शुल्क' याच प्रकारचं. साताऱ्याच्या कास पठारावरही समितीच शुल्क घेते आणि दिवसाला किती लोक सोडायचे यावर मर्यादा ठेवते. त्या पैशातून गावातल्याच तरुणांना देखरेखीचं काम मिळतं.

कर्जत तालुक्यातच एक उदाहरण आहे

ते म्हणजे माथेरान. तिथे येणाऱ्या पर्यटकाकडून नगरपरिषद दस्तुरी नाक्यावर प्रवासी कर घेते. गेली काही वर्षं मोठ्यांना ५० रुपये आणि लहान मुलांना २५ रुपये असा दर राहिला आहे. शार्लोट लेक पाहायचा तर त्याच गावात शिरावं लागतं.

माथेरानला हे जमतं त्याची कारणं दोन. वर जाणारा मोटाररस्ता एकच आहे आणि गाड्या दस्तुरीपलीकडे जात नाहीत. दुसरं म्हणजे, कर घेणारी आणि गाव झाडणारी संस्था एकच आहे. डोंगरातून दहा पायवाटा येणाऱ्या धरणावर दोन्ही गोष्टी नसतात.

शुल्क घेतलं की काय द्यावं लागतं?

कर आणि शुल्क यात फरक आहे. कराच्या बदल्यात ठरावीक सेवा मिळेलच असं नसतं. शुल्काचा मात्र सेवेशी संबंध असायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात हा फरक मांडला. पुढच्या निकालांनी रुपयाला रुपया जुळण्याचा आग्रह सोडला, पण संबंध असण्याची अट राहिली.

अमेरिकेत २००४ च्या केंद्रीय कायद्यानुसार सरकारी जमिनींवर आणि जलाशयांवर जमा झालेल्या अशा शुल्कातली साधारण ८० टक्के रक्कम त्याच ठिकाणी वापरण्यासाठी राहते. जलाशयांवर नुसत्या पार्किंगसाठी शुल्क घेता येत नाही. शौचालय, कचऱ्याची सोय, माहितीफलक अशा सुविधा आधी असाव्या लागतात.

कर्जत-खालापूरच्या धरणांवर शुल्क आलं तर त्यातून जीवरक्षक, खोल पाण्याच्या खुणा, बायकांसाठी शौचालय आणि सोमवारची कचरागाडी यायला हवी. आणि त्याच पाण्यावर मासे धरणाऱ्या, गुरं आणणाऱ्या ठाकूर-कातकरी वाड्यांना यातून सूट हवी. त्यांच्यासाठी धरण ही सहलीची जागा नाही.

पर्यटकाने काय पाहावं?

कुणी पैसे मागितले तर पावती मागा. तिच्यावर संस्थेचं नाव, क्रमांक आणि पैसे कशासाठी घेतले ते लिहिलेलं असावं. ग्रामपंचायतीची पावती असेल तर त्यामागचा ठराव आणि जमाखर्च माहिती अधिकारात मागता येतो. मनाई आदेश लागू असेल तर कुणाचीही पावती तुम्हाला पाण्यात उतरण्याचा हक्क देत नाही.